आय म्हणजे हो

शनिवार, ७ मार्च २००९. वॉटफर्ड

पासपोर्ट माझा, त्यातला वाकड्या तोंडाचा फोटो माझा, खालची सही माझी. चौथीपर्यंतच शिकले, पण अंगठा कुठं उठवला नाही कधी. आणि तो पासपोर्ट ठेवलाय कुठं, तर शशीच्या फायलीत. फाईल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शशीच्या खिशात. आज चौथ्यांदा मागितला. म्हणतो, "आई, हरवेल गं. सेफ आहे तिथं." मी काय अक्षू आहे का चार वर्षांची, हरवायला? मिरजेत दवाखान्यासमोर सोळा वर्षं खानावळ चालवली. एका चमच्याला पाय फुटला नाही. त्याच खानावळीच्या भाकरीवर हा इंजिनिअर झाला, आणि पासपोर्ट मी हरवणार.

तीन महिन्यांसाठी ये म्हणाला. नोव्हेंबरात आले. फेब्रुवारीत परत जायचं तिकीट होतं, ते "पुढं ढकललं". पुढं म्हणजे कधी, ते कोणी सांगत नाही. सुनेला विचारलं तर ऋजुता म्हणते, "अहो आई, शशीलाच विचारा ना." शशीला विचारलं तर म्हणतो, "बघतो." याचा बाप पण असाच बघतो बघतो म्हणायचा. छपरातली गळती तशीच ठेवून गेला.

दुपारी अरुणाचा फोन. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली भाकऱ्या थापतेय, आता एकटी खानावळ रेटतेय. म्हणाली, "आक्का, जागामालक परत येऊन गेले. पाडव्याला नवीन करार करायचा म्हणतात. तुम्ही सहीला आला नाहीत तर जागा औषधवाल्याला देणार." पाडवा सत्तावीसला. वीस दिवस राहिले. मी म्हटलं, "त्याला सांग, आक्का येणार म्हणजे येणार." फोन ठेवला. येणार कशी, ते मात्र त्या कपाटाला विचारायचं.

ही वही माझ्या नातीची, अक्षूची आहे. पहिल्या चार पानांवर तिची बदकं. दुपारी ती झोपली की बोलायला माणूस नाही, म्हणून लिहिते. ऋजुता कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, कामाला होतीच, आता शनिवारी एका दुकानातपण जाते. घरात बसवत नाही म्हणायचं, दुसरं काय. खिडकी चार बोटं उघडते, पुढं खिळा मारलाय. दार ओढलं की बंद, आणि जास्तीची किल्ली "करून आणतो". मी काचेतनं समोरच्या बाईच्या दोरीवरचे कपडे बघते. वाळत नाहीत. तरी ती रोज घालते.


बुधवार, ११ मार्च

बालवाडीतनं अक्षूला घेऊन लायब्ररीत गेले. बुधवारी तिथं मुलांना गोष्ट सांगतात. निघताना तिथली चष्मेवाली बाई धावत आली आणि हातात छत्री दिली. शशीची छत्री! पट्टीवर मी लाल दोऱ्यानं "श" काढलाय. खानावळीत छत्र्यांची अदलाबदल व्हायची, तेव्हापासूनची माझी सवय. बाई पुष्कळ बोलली, कोपऱ्यातली खिडकीजवळची खुर्ची दाखवली, हसली. मला एवढंच कळलं की शशीला ती चांगली ओळखते. बरं वाटलं. परमुलखात मान मिळवला पोरानं.

पण शशी सकाळी सातला टाय लावून लंडनच्या गाडीला जातो, मग छत्री इथं कशी? संध्याकाळी विचारलं. म्हणाला, "पुस्तक द्यायला गेलो होतो." ऋजुता भांडी घासत होती, तिच्या हातातनं वाटी निसटली. मी म्हटलं, "जरा हळू, काचेची आहे."

डबा परत भरलेला आला. दोन चपात्या तशाच. माझ्या हातची चपाती परत येते, हे सोळा वर्षांत पहिल्यांदा.


शुक्रवार, १३ मार्च

नवीनच काढलंय. उद्या बेलफास्टला जायचं, चार दिवस. फिरायला! मी म्हटलं, मला मिरजेला जायचंय आणि तू मला उलटीकडं कुठं नेतोस? तर म्हणे आयर्लंडची मजा बघू, गाणं-बजावणं, तिकडचे पब, अक्षूसाठी सायन्सचं म्युझियम, मंगळवारी त्यांचा सण आहे त्याची मिरवणूक.

मी विचारलं, "म्हणजे दुसरा देश?"

"नाही आई. आयर्लंडच आहे, पण यूकेतलं. डब्लिनला तुला वेगळा व्हिसा लागेल. इथं नाही लागत."

आयर्लंड आहे आणि नाही. असू दे.

ऋजुताचं मन नव्हतं. गेल्या आठवड्यात टीव्हीवर तिकडचं गोळीबाराचं दाखवलं. ती म्हणाली, "शशी, अक्षूला घेऊन आत्ताच जायला हवं का? तू एकटा जाऊन ये."

"एकटा गेलो तर आईला काय सांगू?" तो हळू बोलला, पण माझे कान शाबूत आहेत. "आणि सोमवारची डेट फिक्स आहे गं. बदलता येत नाही."

फिरायला जायची कसली तारीख ठरते? देव पळून जातो का तिथला? आणि मला काय सांगायचं? फिरायला चाललोय म्हणून सांग. मी काय अडवणार आहे?


शनिवार, १४ मार्च. बेलफास्ट

आज माझा पासपोर्ट बघितला! विमानतळावर शशीनं पिशवीतनं काढला, काउंटरवरच्या मुलीनं फोटो बघितला, मला बघितलं, परत दिला. मी हात पुढं केला. माझ्या हातावरनं तो शशीच्या हातात गेला आणि तिथनं पिशवीत. चेन ओढल्याचा आवाज आला. तासभर विमानात ती पिशवी माझ्या पायाशी होती. मी पायानं दाबून बसले. काढून घेतला असता तर? घेऊन कुठं गेले असते, इंग्रजीत "मिरज" कुठं सांगता येतं मला.

उतरलोय एका बाईच्या घरी. वर खोल्या भाड्यानं देते, सकाळी न्याहारी घालते. नाव मोरीन. माझ्याच वयाची, दंड माझ्यासारखे, आवाज माझ्यापेक्षा मोठा. बघताक्षणी कळलं, ही आपल्यातली. चार माणसं दारात उभी असताना पाचव्याचा चहा ओतते.

एक गंमत. इथं सगळे "आय" म्हणतात. शशी म्हणाला खोली वरती का, मोरीन म्हणाली "आय." अक्षूला दूध का, "आय." मी दर वेळी मान वळवते. लहानपणी शशी मला आयच म्हणायचा. पुण्याला कॉलेजात गेला आणि पहिल्या दिवाळीला आला तो "आई" घेऊनच आला. चांगलं दिसत नाही म्हणाला, पोरं हसतात. मी म्हटलं म्हण बाबा, आईला काय. पण आय ऐकलं की अजून मान वळते, ती वळतेच.

ऋजुता म्हणाली, "आई, आय म्हणजे हो. इथल्या भाषेत यस."

आई म्हणजे हो! बरोबरच आहे. आईनं कधी नाही म्हटलंय?


रविवार, १५ मार्च

सकाळी लवकर खाली गेले. मोरीन तव्यावर भाकरी भाजत होती! भाकरी म्हणजे मैद्याची, ताक आणि सोडा घालून, जाड. तव्यावर टाकायच्या आधी चार तुकडे करते, पोळपाटावरच. मी दारात उभी. तिनं बघितलं, सराटा माझ्या हातात दिला आणि अंड्यांकडं वळली. असं. विचारणं नाही, हसणं नाही. मी उलटल्या. एक जरा करपत होती, कडेला घेतली. तिनं मान डोलवली. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हाताला काम होतं जे मीच निवडलं. वॉटफर्डात शेगडी लावली तरी छतावरचं धुराचं यंत्र केकाटतं.

मी छातीवर हात ठेवून तिला सांगितलं, "मी, शशीची आय."

"आय!" ती म्हणाली.

"हां, आय. शशीची."

"आय, आय!"

दोघी हसत सुटलो. कोण कशाला हो म्हणत होतं, देव जाणे.

दुपारी पबमध्ये गेलो. मी म्हणत होते दारूच्या गुत्त्यात मी येणार नाही. पण ती खानावळच आहे! काळं लाकूड, पितळेचे नळ, कोपऱ्यात आजोबा नातवाला बटाटा भरवतोय. लोक काळी बिअर पितात, वर फेस असा बसलेला की बोट फिरवावं वाटतं. एक बाई एका हातावर चार ताटं घेऊन माणसांतनं जाते, कुणाला धक्का नाही. तिला मी मनात नमस्कार केला. बटाट्याचं भरीत आलं, कांद्याची पात आणि लोणी घालून. तिखट असतं तर अरुणाला शिकवलं असतं. मेंढीच्या मटणाचा रस्सा, त्यात गाजर. मऊ. आजारी माणसाला चांगला. ऋजुतानं आधी दोनदा विचारून घेतलं कशाचा आहे.

मग चार जणांनी बसल्या जागी वाजवायला काढलं. बासरी, फिडल, आणि डफासारखं एक. आणि दोन मुली नाचल्या. काय नाच तो! कमरेच्या वर हलायचंच नाही. हात अंगाला शिवून टाकल्यासारखे खाली, मान ताठ, आणि खाली पाय असे की दिसू नयेत. अक्षू टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, तिचा हात कुठे गेला?" मी म्हटलं, "बांधून ठेवलाय गं. माझं उलटं. माझे हात चालू आणि पाय बांधलेले."

शशीकडं बघून म्हणाले. तो हसला नाही. ताटात काटा फिरवत होता. इकडचा बटाटा तिकडं, तिकडचा इकडं. मी म्हटलं, "मीठ कमी आहे का? मागून घे." म्हणाला, "नाही, छान आहे." आणि एक घास न खाता ताट सारलं.


सोमवार, १६ मार्च

आज माझं काम झालं! पण आधीपासून लिहिते.

सकाळी शशी कोट-टाय घालून तयार. फिरायला आलाय का लग्नाला? म्हणाला, एका मित्राला भेटायचंय. मोरीनची इस्त्री घेऊन मीच शर्ट केला. तो न्हाणीत आरशासमोर एकटाच इंग्रजी बोलत होता, परत परत तेच, मधे थांबून घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून. शाळेत स्पर्धेला भाषण पाठ करायचा तसं. मी म्हटलं, "मित्राशी एवढं काय बोलायचं असतं?" तर ऋजुतानं मला खोलीबाहेर नेलं. "आई, प्लीज, आज त्याला काही विचारू नका."

मग आम्ही तिघी सायन्सच्या म्युझियमला. मुलांनी बटणं दाबायची, पाणी उडवायचं, हवेवर चेंडू तरंगवायचे. अक्षू खुळी झाली. एका ठिकाणी दोऱ्या ओढून स्वतःला खुर्चीसकट वर उचलता येतं. मी बसले, ओढलं, आणि वर गेले! मग खाली यायचं कसं ते कळेना. ऋजुता बाकावर फोन मांडीवर ठेवून बसलेली. मी ओरडले तेव्हा आली. डोळे लाल. सर्दी झालीय म्हणाली.

साडेअकराला शशी आला. टाय खिशात, टोक बाहेर लोंबत होतं. ऋजुता उभी राहिली. मग तो म्हणाला, "फ्रायडेला सांगतो म्हणाले."

"पण कसं झालं?"

"ठीक. बघू."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख पडलं. मित्र म्हणजे तिकिटांचं काम करणारा असणार! म्हणून तारीख ठरलेली, म्हणून मला सांगायचं नव्हतं, अचानक हातात ठेवायचं असेल. शुक्रवारी नक्की होणार.

दुपारी मोठ्या पाळण्यात बसलो. गावच्या मधोमध आहे, शेजारी त्यांची मोठी कचेरी, तिला सगळ्या बाजूंनी दुरुस्तीसाठी लोखंडी पाइप बांधलेले. आपल्या उरुसातल्या पाळण्यासारखा उघडा नाही. काचेची डबी, दार बाहेरनं लावतात. ऋजुताला चक्कर येते म्हणून ती खाली थांबली. मी, शशी आणि अक्षू. फिरत फिरत वर गेलो आणि पाळणा टोकाला जाऊन थांबला. खाली माणसं चढत होती म्हणे. लांब दोन पिवळ्या कमानी दिसत होत्या, घराएवढ्या. शशी म्हणाला, "त्या क्रेन. तिथंच ती मोठी बोट बांधली होती. पहिल्याच फेरीत बुडाली."

"बुडाली? मग लोक काय बघायला येतात?"

"बांधली इथं, ते बघायला."

वाऱ्यानं डबी हलत होती. शशीनं कडेचा दांडा धरला होता, बोटं पांढरी पडलेली. उंचीला तो कधी भीत नव्हता. मिरजेत चिंचेवरनं काठीनं हाकलावं लागायचं. मी म्हटलं हीच वेळ. इथनं तो उठून जाऊ शकत नाही, "बघतो" म्हणून दार ओढू शकत नाही.

"शशी, माझं तिकीट झालं ना रे? खरं सांग."

तो खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "आय."

झटका बसला आणि पाळणा सुटला. अक्षू किंचाळली, तो तिला धरायला वळला. पण म्हणाला. मी ऐकलं. तिथल्या लोकांसारखा आय म्हणाला. म्हणजे हो.


मंगळवार, १७ मार्च

त्यांचा सण. सगळं हिरवं. माणसं, कुत्री, एका म्हाताऱ्याची दाढीसुद्धा. कोटाला तीन पानांची डहाळी लावतात, बेलाची असावी तशी. मोरीननं एक मला लावली. मिरवणुकीत ढोल, मोठमोठे मुखवटे, बांबूच्या पायांवर चालणारी माणसं. मी अक्षूला कडेवर घेऊन नाचले. शशी म्हणाला, "आई, तू खूश दिसतेस." मी म्हटलं, "मग? होणारच."

निघताना मोरीननं तिचा सराटा मला दिला. लाकडी मुठीचा, मूठ झिजलेली. मी माझ्या हातातली काचेची एक बांगडी दिली. तिच्या मनगटात जाईना, तिनं चावीच्या खिळ्याला अडकवली.

सराटा मिरजेला न्यायचा. अरुणाला सांगीन, हा आयर्लंडचा.


गुरुवार, १९ मार्च. वॉटफर्ड

तिकीट नाही. कधी नव्हतंच.

दुपारी अरुणाला फोन करून सांगितलं होतं, भिंतींना चुना मारून घे, पाडव्याच्या आधी मी हजर. जागामालकालाही निरोप दे. ती रडायला लागली आनंदानं. संध्याकाळी ऋजुता आली तर मी बॅग भरत होते. ती दारातच थांबली.

"आई, हे काय?"

"तिकीट झालंय ना माझं."

"कुठलं तिकीट?"

तेवढ्यात शशी आला. मी म्हटलं, "सांग हिला." तो म्हणाला, "आई, मी कधी म्हणालो तिकीट काढलं?"

"पाळण्यात म्हणालास! वर अडकलो होतो तेव्हा! मी विचारलं तिकीट झालं का, तू म्हणालास आय. आय म्हणजे हो, तुझ्याच बायकोनं सांगितलंय मला. आता फिरवतोस? अरुणाला मी चुना मारायला लावला! त्या जागामालकाला तोंड काय दाखवू? माझी सोळा वर्षं आहेत त्या चार भिंतींत!"

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं. तो न्हाणीत गेला आणि नळ सोडून दिला. पाण्याचा आवाज येत राहिला, कितीतरी वेळ. एवढं कोणी तोंड धुतं का.

ऋजुता म्हणाली, "आई, त्याला ना..." आणि थांबली. "तोच सांगेल. मी सांगितलं तर त्याला सहन होणार नाही."

"मग सांगू दे की! मी काय वाघ आहे?"

"थोडे आहात," ती म्हणाली. मग माझ्या बॅगेजवळ जमिनीवर बसली आणि माझी लुगडी परत घड्या करायला लागली. मी तिला करू दिल्या.


शुक्रवार, २० मार्च

शशी आज गेलाच नाही. टाय लावला, बूट घातले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला, फोन हातात धरून. मी कपाटाशी जाऊन आले. कुलूप ओढून बघितलं. पक्कं आहे.

अकराला फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते. तो तीनदा थँक्यू म्हणाला. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा हळू. चहा घेऊन गेले तर एक बूट काढून हातात धरून बसला होता. चहा घेतला, पायरीवर ठेवला. गार झाला. मी उचलून आणला.

सोळा वर्षं दवाखान्यासमोर काढली. आत कोणाचं माणूस आहे, कसं आहे, मला सांगावं लागत नव्हतं. जेवायला बसला की हातावरनं कळायचं. भाकरीचा तुकडा मोडायचा, ताटातच ठेवायचा, परत मोडायचा. अशा माणसाला मी कधी काही विचारलं नाही. मऊ भात वाढायचा, गप्प उभं राहायचं. पबमध्ये हा तसाच जेवत होता. आणि मी मीठ विचारलं.

अक्षू बालवाडीतनं कागदाचं फूल करून आलीय. पाठीमागं लपवते. "आजी, तू बघायचा नाही. संडेला मम्मीचा डे आहे. मी तुझ्यासाठी पण केला आहे." बरं. इथं आईचा दिवस आत्ताच असतो म्हणे. मग उत्तराला रविवारच धरते.

खालचं पान फाडून शशीच्या डब्यात घालणार आहे, सकाळी भरलेला जिन्याशी तसाच पडलाय. डबा तरी तो उघडतो का, तेही कळेल.


शशी,

तोंडावर विचारलं की नळ सोडतोस, म्हणून लिहून देते. अक्षर वाईट आहे, वाच.

डबा भरलेला परत येतो. छत्री लायब्ररीत सापडते. फिरायला गेलो तिथं कोट घालून जातोस. एक फोन येतो आणि तू एक बूट घालून बसून राहतोस. हे सगळं एकाच गोष्टीचं आहे एवढं मला कळतंय. कुठल्या, ते तू सांगायचं. मला इंग्रजी येत नाही पण मराठीत सांगितलेलं सगळं पेलतं.

दुसरं. पाळण्यात वर असताना मी तिकिटाचं विचारलं आणि तू आय म्हणालास. ते तिथल्या लोकांचं हो होतं, का मला हाक मारली होतीस? अठरा वर्षांचा झाल्यापासून तशी मारली नाहीस, म्हणून मला ओळखता आलं नसेल. पण मला कळायला पाहिजे.

हो असेल, तर खोटं बोललास. तिकीट काढून दे, मी बुधवारच्या आत निघते. पाडव्याला मला सही करायचीय.

हाक असेल, तरी आधी कपाट उघड. पासपोर्ट माझ्या हातात दे. मग मला थांब म्हण. मी थांबायचं का नाही ते माझ्या मनानं ठरवीन. अरुणाला काय सांगायचं ते मी बघीन, जागामालकाला पण मीच बघीन. पण कुलूप लावून मला ठेवायचं नाही. कोणालाच तसं ठेवायचं नाही, मी तुला तसं वाढवलेलं नाही.

उत्तर रविवारी पाहिजे. संध्याकाळी सहाच्या आत. बघतो म्हणायचं नाही.

तुझी आय